झाकणाशिवायचं पातेलं

त्या हिवाळ्यात दिवसाचे सोळा तास बत्ती नसायची, आणि उरलेले आठ तास ती कधी असणार हे अष्टमायाला विचारावं लागायचं.

हिमशिखरांच्या त्या देशात, पाटणच्या तांबटआळीत, विचारायची पद्धतही ठरून गेली होती. खाली गल्लीत उभं राहायचं, मान वर करायची आणि ओरडायचं, "अजी, आज आमची कधी?" मग वरच्या मजल्यावरची लाकडी खिडकी उघडायची आणि भिंतीकडे न बघताच उत्तर यायचं.

"तुमचा गट पाच. दुपारी एक ते पाच. तांदूळ दळायचे असतील तर दोनच्या आत जा, मागून रांग लागते."

आणि खिडकी बंद.

स्वयंपाकघराच्या भिंतीवर तिने तीन कागद चिकटवले होते. पहिला बत्तीचा तक्ता: सात गट, सात वार. दुसरा नळाचा: पाच दिवसांतून एकदा, तासभर, तोही नळाची मर्जी असेल तर. तिसरा गॅसचा: कुठल्या दुकानी गाडी कधी येते आणि सिलिंडर भरलेला देतात की अर्धा. देशात म्हणे पाण्याला एक मंत्री, विजेला दुसरा, धान्याला तिसरा, आणि वर्ष सरायच्या आत तिघेही बदललेले. तांबटआळीत तिन्ही खाती एकट्या अष्टमायाकडे होती, आणि ती लग्न होऊन आली तेव्हापासून सरकार पडलं नव्हतं. लोक तिला तोंडावर अजी, म्हणजे आजी, म्हणत आणि पाठीमागे मंत्रीण. ती ते पाठीमागूनही नीट ऐकत असे, आणि तिने कधी हरकत घेतली नव्हती.

शाळेत मुलांना घोकवत, आपला देश पाण्याने श्रीमंत आहे. नातवंडं मोठ्याने घोकू लागली की अष्टमाया रिकामा हंडा वाजवायची. "श्रीमंत नातेवाईक असतात ना, तसं आहे ते. आहेत खरे, पण आपल्याकडे येत नाहीत."

गल्ली सात पावलं रुंद होती. पण पश्चिमेची घरं गट दोनमध्ये आणि पूर्वेची गट पाचमध्ये. इकडे दिवे लागले की तिकडे मालवायचे. बरोबर समोरच्या खिडकीत अष्टमायाची धाकटी जाऊ राहायची, चिरीमाया. दोघी अकरा वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. त्यामुळे वीजवाल्यांनी दोन घरांत अंधार-उजेडाची वाटणी केली तेव्हा आळीतल्या कुणाला नवल वाटलं नाही. वाटणी आधीच झालेली होती, तिला फक्त मीटर बसला.

भांडण झालं ते पातेल्यावरून. अष्टमायाचा नवरा कुलरत्न आणि त्याचा धाकटा भाऊ जगतरत्न, दोघेही तांबट. वडिलांचा जंको, म्हणजे सत्त्याहत्तरीचा सोहळा, आला तेव्हा दोघांनी मिळून एक तांब्याचं थोरलं पातेलं घडवलं होतं, दोनशे माणसांचा रस्सा शिजेल एवढं. पातेलं कुलरत्नने ठोकलं, झाकण जगतरत्नने. तीसेक वर्षं ते पातेलं साऱ्या फुकीची, म्हणजे भाऊबंदांची, जेवणं शिजवत राहिलं. मग घराच्या वाटण्या झाल्या. ज्याने जे घडवलं ते त्याचं, असं ठरलं. पातेलं पश्चिमेला राहिलं, झाकण पूर्वेला गेलं. तोवरही सगळं ठीक होतं. पण झाकण जिन्यावरून उतरत असताना अष्टमाया बोलून गेली, "जाऊ दे. झाकणाशिवाय पातेल्याचं चालतं. पातेल्याशिवाय झाकणाने काय करावं?"

चिरीमाया जिन्यात थांबली. "म्हणजे थोरली पाती ती पातेली, आणि आम्ही नुसती झाकणं?"

"मी भांड्यांबद्दल बोलले."

"मीही भांड्यांबद्दलच बोलते आहे, भाउजू."

भाउजू म्हणजे थोरली जाऊ. ते शेवटचं बोलणं. त्यानंतर बोलायचं ते कालेशी. काले हा गल्लीतला काळा कुत्रा. लेकी बोले सुने लागे, ही रीत सगळीकडे आहे. इथे लेक नव्हती म्हणून कुत्र्याला नेमलं होतं. चिरीमाया वरून म्हणायची, "काले, काही लोकांच्या घरी सकाळपासून मुळ्याचा वास आहे रे, दुसरं काही मिळत नाही वाटतं." अष्टमाया पलीकडून म्हणायची, "काले, मुळा निदान ताजा आहे बाबा, काहींची जीभ तर अकरा वर्षांची आंबलेली." काले मधोमध बसून दोन्हीकडे शेपूट हलवायचा. त्याला दोन्ही घरचं जेवण होतं.

भाऊ मात्र भांडले नव्हते. ते रोज दुपारी चौकातल्या धर्मशाळेच्या ओट्यावर एकमेकांशेजारी ऊन खात बसत आणि घरी परतताना दहा पावलांचं अंतर ठेवत. पण दोघेही बायकोच्या शब्दाबाहेर नव्हते. तांबटआळीतला कोणताच तांबट तसा बाहेर जात नसे; घाव घालायची सवय फक्त तांब्यापुरती.

आणि माघात जोशीबांनी पंचांग मांडून सांगितलं की कुलरत्नचा जंको आला.

माणसाला सत्त्याहत्तर वर्षं, सात महिने, सात दिवस, सात घटका आणि सात पळं झाली की त्याला रथात बसवायचं, घरच्यांनी रथ ओढायचा, आणि त्या पळापासून तो घरचा देव. जोशीबांनी बोटं मोजली. "फागुनातला दुसरा गुरुवार. सकाळी सात बेचाळीस."

अष्टमायाने आधी बत्तीचा तक्ता पाहिला, मग नळाचा, मग गॅसचा. मग तिने दोन्ही हात जोडले, आणि ते कुणाला जोडले हे जोशीबांना कळेना.

"गुरुवारी गट दोन पहाटे पाच ते नऊ! जोशीबा, तुमच्या ग्रहांनी माझा तक्ता वाचलेला दिसतो."

सगळं जुळत होतं. सोमवारी नळ, म्हणजे तळघरातला हौद भरलेला. गुरुवारी पहाटे पाचला बत्ती, म्हणजे मोटर लावून पाणी चौथ्या मजल्यावर, चुलीपाशी. गॅस अर्धे-अर्धे तीन सिलिंडर. दोनशे पानं. कोरडे पोहे गिरणीतून आलेले, म्हणजे निम्मं जेवण विस्तवाशिवायच झालं. रेड्याचं मटण, बटाटा आणि बांबूच्या कोंबांचा रस्सा, काळे वाटाणे, पालेभाजी. तिने बोटांवर मांडलं तेव्हा सून रोशनी दारात उभी राहून ऐकत होती. घरात रोशनी तेवढी एकटीच, जी तक्त्याप्रमाणे यायची-जायची नाही.

"आई, तुम्ही खरंच सिंहदरबारात मंत्र्यांच्या खुर्चीवर बसायला हव्या होतात," रोशनी म्हणाली.

"तिथे कोण बसेल? तिथे जिने चढायला माणसं ठेवतात म्हणे. गुडघे धरतील माझे."

कुलरत्न कोपऱ्यात ऊन धरून बसला होता. तो म्हणाला, "रथाची पुढची दोरी किजा धरणार ना?"

किजा म्हणजे धाकटा भाऊ. त्या घराण्यात पुढची दोरी धाकट्या भावानेच धरायची असे. वडिलांच्या रथाची धाकट्या काकांनी धरली होती.

"मुलगा आहे, नातू आहेत. दोरी काय, कुणीही धरेल."

"मग रथही कुणाच्याही नवऱ्याला बसवून ओढा," कुलरत्न म्हणाला आणि उन्हाबरोबर थोडा पुढे सरकला. "किजा नसेल तर मी बसणार नाही."

बावन्न वर्षांच्या संसारात त्याने तीन-चार वेळाच हट्ट धरला होता, आणि प्रत्येक वेळी अष्टमायालाच वळसा घालावा लागला होता. तिला ते माहीत होतं.

तिने वळसा घातला, पण छोटासा. फुकीत आमंत्रण द्यायचं ते सुपारी देऊन, आणि घरातल्या थोरल्या बाईने स्वतः जाऊन. बाकी सगळीकडे ती स्वतः गेली. समोर मात्र रोशनीला पाठवलं. रोशनी परत आली ती हसू दाबत.

"काकूंनी सुपारी घेतली. खिडकीच्या चौकटीवर ठेवली. आणि कालेला म्हणाल्या..."

"काय म्हणाली?"

"'काले, सुपारी चालत आली रे. माणूस नाही आलं.'"

ती सुपारी तिथेच राहिली. रोज सकाळी खिडकी उघडली की अष्टमायाला समोर ती दिसायची, चौकटीच्या बरोबर मधोमध. कधीकधी तर धूळ पुसून ठेवलेली असायची.

मंगळवारी दुपारी अष्टमायाने नवऱ्यापुढे लसणाची टोपली आणि खाली पसरायला वर्तमानपत्र टाकलं.

"परवापासून देव होणार तुम्ही. तोवर लसूण सोला."

कुलरत्न सोलू लागला. थोड्या वेळाने म्हणाला, "इथे कसला तरी तक्ता छापलाय."

"असेल जुना. भिंतीवर आहे तो. टरफलं खाली सांडू नका."

त्याने टरफलं तक्त्यावर टाकली.

त्याच वेळी समोरची खिडकी उघडली. "काले, ए काले! ऐक नीट. गुरुवारपासून पहाटेचा उजेड आपल्या घरी हं. समोर अंधार. ज्याला कळायचं त्याने कळून घ्यावं."

अष्टमायाच्या अंगाचा तिळपापड झाला. जंको माझ्या नवऱ्याचा, आणि उजेड हिच्या घरी? तिने खिडकीत येऊन उत्तर दिलं, "काले, उजेड कुणाच्या घरी ते गुरुवारी सात बेचाळीसला सारं पाटण बघेल!"

बुधवारी सकाळी चिरीमायाने कालेला तेच पुन्हा सांगितलं, जरा सावकाश, एकेक शब्द तोडून, बहिऱ्याला सांगावं तसं. अष्टमायाने खिडकी आपटली. संध्याकाळी चिरीमायाने तिसऱ्यांदा सांगितलं. या खेपेला अष्टमाया उत्तरही न देता रोशनीला म्हणाली, "जळते आहे. जळू दे. तेवढंच इंधन वाचेल."

गुरुवारी पहाटे पाचला तिने बटण दाबलं.

काही झालं नाही. तिने बटण वर केलं, खाली केलं. मग वाटलं, घड्याळ पुढे असेल. सव्वापाचला पुन्हा दाबलं. साडेपाचला खालून हाका सुरू झाल्या. "अजी, आमची पाचला म्हणाला होतात ना?" मग दुसरी. "अजी, गिरणीवर पीठ अर्धं अडकलंय!" सबंध पश्चिम बाजू मान वर करून उभी होती, आणि मंत्रीणबाईंच्या खिडकीतून उत्तर येत नव्हतं.

समोर, पूर्वेच्या बाजूला, एकूणएक खिडकी झगझगत होती.

अष्टमायाने मेणबत्ती घेतली आणि लसणाच्या टरफलांच्या टोपलीत हात घातला. वर्तमानपत्र बाहेर काढलं, झटकलं. नवा तक्ता. गुरुवारपासून लागू. गट पाच: पहाटे पाच ते नऊ. गट दोन: दुपारी बारा.

भिंतीवर तीन तक्ते मिरवणाऱ्या बाईच्या घरी, नवऱ्याच्या जंकोच्या दिवशी, दिव्याखाली नव्हे तर दिव्याच्या जागीच अंधार.

"आई," रोशनी दोन बादल्या घेऊन जिन्यावरून आली. चौथ्या मजल्यापर्यंत येताना निम्मं पाणी जिन्याला पाजलं होतं. "असं किती खेपांत होईल?"

जिना असा की एका वेळी एकच माणूस मावायचं, तेही वाकून. अष्टमायाने हिशेब मनात मांडला आणि मध्येच सोडला. देवाच्या अंघोळीचं पाणी खाली होतं, रश्श्याचं पाणी खाली होतं. वर थोरलं पातेलं अर्ध्या पाण्यावर मोठ्या शेगडीवर चढलं होतं, त्यावर झाकण म्हणून दोन सुपं आडवी टाकलेली, आणि सुपांच्या फटींतून वाफ ऐटीत छपराकडे निघाली होती. पहिला सिलिंडर आत्ताच हलका लागू लागला होता. पाण्याला अजून साधी उकळी नव्हती.

जोशीबा आले होते. ती त्यांच्याकडे वळली. "जोशीबा, मुहूर्त बारावर नेता येईल का हो?"

"माणूस जन्माला येताना बत्तीचा तक्ता बघत नाही, अष्टमाया. सात बेचाळीस म्हणजे सात बेचाळीस."

कोपऱ्यात कुलरत्न बिनअंघोळीचा, घोंगडी पांघरून बसला होता. त्याने पाण्याबद्दल विचारलं नाही, बत्तीबद्दल विचारलं नाही. "किजा आला?" एवढंच म्हणाला.

अष्टमाया खिडकीत गेली. समोरची खिडकी उघडीच होती, आणि चिरीमाया तिच्यात बसून शांतपणे केस विंचरत होती. दिव्याच्या उजेडात. चौकटीवर सुपारी.

"काले," अष्टमायाने खाली हाक मारली. आवाज नेहमीपेक्षा बारीक निघाला. "काले, काही घरी पहाटे बत्ती आहे म्हणे."

काले उठून बसला.

"काले," चिरीमाया म्हणाली, "तुला मी किती वेळा सांगितलं रे? तीनदा ना? मंगळवारी एकदा आणि काल दोनदा. घसा बसला माझा."

मंगळवारचं, बुधवारचं सगळं बोलणं अष्टमायाच्या डोक्यात उलटं वाजून गेलं. तो टोमणा नव्हता. नुसतं वेळापत्रक होतं.

"काले, मग सरळ सांगायचं होतं!"

"काले, सरळ कसं सांगणार? बोलत नाही ना आम्ही!"

ताकाला जाऊन भांडं लपवण्यात अर्थ नव्हता. अष्टमायाने श्वास घेतला. "काले, एखादी लांब वायर असेल कुणाकडे, तर..."

पण एवढ्यात चौथ्या मजल्यावरून मटणाला फोडणी पडल्याचा वास खाली गल्लीत उतरला. काले उठला, अंग झटकलं, आणि दोघींपैकी कुणाकडेही न बघता वासाच्या दिशेने जिन्यात शिरला.

कालेची जागा रिकामी झाली. दोन खिडक्या, दोन बायका, आणि मध्ये बोलायला कुणी नाही. चिरीमायाचा कंगवा केसांत अडकून थांबला होता.

मग अष्टमायाने खिडकी सोडली. देवघरातल्या तबकातून एक सुपारी उचलली, पदरात बांधली आणि जिना उतरली. गुडघे कुरकुरले, तिने त्यांना गप्प केलं. खाली उभ्या असलेल्या लोकांनी "अजी, आमची बत्ती?" म्हणून तोंड उघडलं आणि तिचा चेहरा पाहून मिटलं. सात पावलं. मग समोरचे तीन जिने. अकरा वर्षांत ती ते चढली नव्हती, पण दुसऱ्या जिन्याची चौथी पायरी सैल आहे हे पायांच्या लक्षात होतं. अजून सैलच होती.

वर पोचली तेव्हा तिला धाप लागली होती. आत जगतरत्न बसला होता: अंघोळ झालेली, डोक्यावर नवी टोपी, अंगात दौरा-सुरुवाल, हात मांडीवर. कधीपासून तयार होऊन बसला होता कोण जाणे. त्याच्या पायाशी वायरचं मोठं भेंडोळं होतं, दोन्ही टोकांना प्लग लावून तयार. आणि भिंतीला टेकून झाकण उभं होतं. आंबटाने आणि राखेने घासलेलं, इतकं लखलखीत की अष्टमायाला त्यात आपलं घामेजलेलं तोंड दिसलं.

"हे कधी घासलंस?" तिच्या तोंडून निघून गेलं.

"सुपारी चालत आली त्या दिवशी," चिरीमाया म्हणाली. "म्हटलं, माणूसही येईल मागून. रोज घासत होते. अजून आठवडा लावला असता, भाउजू, तर भोक पडलं असतं."

अष्टमायाने पदराची गाठ सोडून सुपारी पुढे केली. "आज जंको आहे. तुम्ही दोघांनी यायचं," ती म्हणाली. एवढंच म्हणायचं असतं, दुसरा काही मंत्र नसतो. मग रागाने म्हणाली, "आणि तुझी पायरी दुरुस्त करून घे. पडून मेले असते मी, नवरा देव व्हायच्या आधी."

"तुम्ही पडणार असता तर अकरा वर्षांपूर्वीच पडला असता," चिरीमाया म्हणाली आणि सुपारी घेतली. चौकटीवरची जुनी उचलून तिने जगतरत्नला दिली. त्याने ती लगेच तोंडात टाकली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. सुपारीही जुनी होती.

मग सगळं भराभर झालं. वायर खिडकीतून खिडकीत गेली. नियमात बसत नव्हती, पण त्या दिवसांत नियमात बसणारं पाटणात काय होतं? तळघरात मोटर घरघरली, आणि चौथ्या मजल्यावर पाणी असं येऊन आदळलं की रोशनी ओरडलीच. झाकण मात्र जिन्यातून उतरवायला एका माणसाला जमेना. दोघी जावांनी ते दोन बाजूंनी धरलं, गल्ली ओलांडली आणि दुसऱ्या घराचे जिने चढल्या. एक वर, एक खाली, आणि खालची सारखी "सावकाश, सावकाश" म्हणत. खालची कोण होती याबद्दल पुढे दोघींचं एकमत झालं नाही.

सात बेचाळीसला रथ हलला. पुढची दोरी जगतरत्नच्या हातात होती. रथात कुलरत्न, बाजूला अष्टमाया, दोघांवर लाह्या आणि फुलं. जोशीबांनी मान डोलावली आणि फुकीतली माणसं देवाच्या पायांवर डोकी ठेवू लागली. चिरीमायाही आली. वाकली, आणि वाकल्या वाकल्याच हळू म्हणाली, "देवी, आता आशीर्वाद दे आणि खाली उतरून रस्सा बघ. उतू जातोय."

अष्टमाया देवपण टाकून वर धावली.

थोरल्या पातेल्यावर झाकण बसलं होतं. अगदी काठोकाठ, जसं दोन भावांनी बसवलं होतं तसं. वाफेला बाहेर पडायला वाट नव्हती, म्हणून आत रस्सा रटरटत होता, आणि पहिलाच सिलिंडर अजून जळत होता. दोन अर्धे सिलिंडर कोपऱ्यात तसेच उभे होते. अष्टमायाने शेगडी बारीक केली.

आता पाटणात चोवीस तास बत्ती असते. गल्लीत उभं राहून कुणी मान वर करत नाही, कुणाची कधी हे कुणाला विचारावं लागत नाही, आणि त्या खिडक्या बहुतेक बंदच असतात. पण त्या सकाळी दोघी जावा चुलीपाशी जवळजवळ बसल्या होत्या, आणि काले दारात बसून आलटून पालटून दोघींकडे बघत होता, आपलं काम गेलं की काय म्हणून.

चिरीमायाने झाकणावर बोट टेकवलं, चटका बसताच मागे घेतलं. "काय भाउजू," ती म्हणाली, "झाकणाशिवाय पातेल्याचं चालतं म्हणे?"

अष्टमायाने कोपऱ्यातल्या दोन सिलिंडरांकडे पाहिलं. मग पळीने रस्सा ढवळायचा बहाणा करून तोंड वळवलं.

"चालतं गं," ती म्हणाली. "गॅस फार लागतो."